पुण्याचा हंगाम

हंगाम हा शब्द फारसींतून आला खरा, पण मराठींत तो राहिला शेतकऱ्याच्या घरीं. खरिपाचा हंगाम, रब्बीचा हंगाम, ऊंसतोडीचा हंगाम, आंब्याचा हंगाम. फार झालें तर लग्नसराईचा, कारण आपल्याकडे लग्नेंहि पीकपाणी पाहूनच ठरत असत. एखाद्या शहरालाच हंगाम असतो, ही कल्पना आपणांस साहेबानें शिकविली. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचा मुक्काम हिवाळ्यांत मुंबईस, कडक उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं आणि पावसाळ्यांत पुण्यास असे. त्याच्यामागें कचेऱ्या, कचेऱ्यांमागें कारकून, कारकुनांमागें वाणी-उदमी आणि या सर्वांच्या पुढें बँड, घोडे व मेजवान्या असा तांडा फिरे. तो जेथें उतरेल तेथें 'सीझन' सुरू झाला असें म्हणत. पुण्याचा सीझन जूनमध्यें सुरू होई आणि दसऱ्याच्या आगेंमागें संपे. गव्हर्नर गेले, तांडा मोडला. पण पावसाळा आला कीं पुण्याला कांहीं तरी होतें, एवढें मात्र अजून खरें आहे.

या 'कांहीं तरी'ची रीतसर जाहिरात व्हावी, असें गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मनांत आलें. तो हॉटेलच्या धंद्यांत आहे. त्याच्यासारखे आणखी दहाबारा व्यावसायिक मिळून पावसाळ्यांत पुण्यास येण्याचें आमंत्रण देणारी एक पुस्तिका काढणार होते. "सर, मजकूर तुम्हीच लिहा. इंग्रजी कोणाकडूनहि लिहून मिळतें, मराठी मिळत नाहीं," असें तो म्हणाला. इंग्रजी साहित्य शिकविण्यांत उभी हयात घालविलेल्या माणसाला हें वाक्य कसें लागलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यानें एक टांचणहि आणलें होतें. खेळ, संस्कृति आणि विश्रांति अशीं तीन सदरें; पहिल्यांत घोड्यांच्या शर्यती, दुसऱ्यांत गणेशोत्सव, तिसऱ्यांत सिंहगडावरचें पिठलें-भाकर; आणि सर्वांच्या खालीं 'दोन रात्री, तीन दिवस'. "पुणें हें विकलें जाण्यासारखें शहर आहे, सर. तें आजवर कोणी नीट विकलेंच नाहीं." विकणें हा शब्द आमच्या कानांस खटकला, पण आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच आंतल्या खोलींतून आमच्या कुटुंबाचा आवाज आला, "पाहुणे बोलावण्याआधीं दारावरच्या पाट्या तेवढ्या उतरवा म्हणावें!" दुपारीं एक ते चार घंटा वाजवूं नये, पत्ता विचारूं नये, फाटकासमोर वाहन लावूं नये, अशी ज्या नगरीची भाषा, तिनें जगाला आमंत्रण पाठवावें यांतला विनोद आमच्या ध्यानांत आला नव्हता असें नाहीं.

तरीहि आम्हीं तें काम घेतलें. घेतल्यावर लक्षांत आलें कीं, पुण्यास लोक पावसाळ्यांत कां येत याचें उत्तर इतिहासाआधीं भूगोलानें द्यावयाचें आहे. नैर्ऋत्येकडून येणारे ढग आपला भार सह्याद्रीच्या माथ्यावर टाकतात. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, मुंबईस दोन हजारांच्या वर. आणि घाट ओलांडून पुण्यापर्यंत पोंचणारा ढग इतका रिता झालेला असतो कीं, येथील सरासरी सातशें मिलिमीटरांच्या आसपास राहते. त्यांत शहर समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांवर, त्यामुळें हवेंत गारवा. मुंबईस माणूस घरांत अडकून पडतो त्या दिवसांत येथें छत्री काखेंत मारून पर्वतीला जातां येतें. उन्हासाठीं नांवाजलेलीं शहरें जगांत पुष्कळ आहेत. माफक पावसासाठीं नांवाजलेलें शहर विरळा.

या माफक पावसाचा पहिला फायदा साहेबानें घेतला नाहीं, पेशव्यांनीं घेतला. श्रावणमासीं दक्षिणेसाठीं देशोदेशींचे ब्राह्मण पुण्यास जमत. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत त्यांची दाटी होई, विद्वत्तेची परीक्षा होई, आणि सरकारी खजिन्यांतून लक्षावधि रुपये वांटले जात. काशीहून निघालेला वैदिक आणि कर्नाटकांतून आलेला शास्त्री एकाच पंक्तीला बसत. त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करण्यांत अर्धें शहर गुंतलेलें असे. हंगाम म्हणतात तो हाच. फक्त त्याचें आमंत्रण एकाच जातीला होतें, हें विसरून त्याचें गुणगान करणें बरें नव्हे. इंग्रजी अमलांत या दक्षिणेला हळूहळू उतरती कळा लागली. तिचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवावा म्हणून १८४९ मध्यें कांहीं सुधारकांनीं अर्ज केला, तेव्हां शहरांत मोठा गहजब झाला. अर्जदारांच्या पाठीशीं जोतीराव फुले उभे होते. श्रावणांत भटांची पंगत उठली आणि तिच्या जागीं पुस्तकें आलीं, असें पुण्याच्या आधुनिक काळाचें एका वाक्यांत वर्णन करतां येईल.

साहेबाचा सीझन या पंगतीच्या पलीकडे, नदीच्या आणि लष्कराच्या बाजूला वाढला. १८५८ मध्यें आगगाडी पुण्याला लागली, १८६३ मध्यें बोरघाट सुटला आणि मुंबईचा माणूस एका दिवसांत, तोहि बसल्याजागीं, पुण्यांत येऊं लागला. त्याच दशकांत गणेशखिंडींत गव्हर्नराचा तो प्रचंड वाडा उभा राहूं लागला, ज्यांत १९४९ पासून आमचें विद्यापीठ आहे. शर्यतीचें मैदान तर त्याहून जुनें, १८३० सालचें. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत घोडे पुण्यांत आणि पुढें महालक्ष्मीवर, हा क्रम आजहि चालू आहे. 'डेक्कन क्वीन' १९३० च्या जूनमध्यें सुरू झाली ती प्रथम शनिवार-रविवारपुरतीच धांवे. आज जिच्या पासासाठीं नोकरदार माणसें जीव टाकतात ती गाडी मुळांत चैनीसाठीं निघाली होती, हें सांगितलें तर आमच्या विद्यार्थ्यांना खरें वाटत नाहीं.

पण या सीझनच्या आणि शहराच्या मध्यें एक कुंपण होतें. १८९७ च्या जूनची २२ तारीख घ्या. शहरांत प्लेगनें कहर केला होता, घरोघर सोजिरांच्या झडत्या होऊन गेल्या होत्या. आणि गणेशखिंडींत राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ थाटानें चालला होता. त्या समारंभाहून परततांना रँडसाहेबावर चाफेकरांनीं गोळी झाडली. या घटनेचा राजकीय अर्थ पुष्कळांनीं सांगितला आहे. आम्हांस येथें तिच्यांतली एवढीच बाब दाखवावयाची आहे कीं, एकाच शहरांत, एकाच रात्रीं, पाहुण्यांच्या घरीं रोषणाई होती आणि यजमानांच्या घरीं सुतक होतें. आमच्या विद्यार्थ्याच्या पुस्तिकेंत गणेशखिंडीचें छायाचित्र आहे, पण ही तारीख नाहीं. छायाचित्र मात्र फार सुंदर आहे.

खेळांची गोष्ट याहून आनंदाची. बॅडमिंटनला एके काळीं 'पूना' म्हणत आणि त्याचे आरंभींचे नियम १८७३ च्या सुमारास येथील साहेबांनीं बांधले, हें पुण्याचा प्रत्येक मुलगा अभिमानानें सांगतो. त्यांत आपल्या बापजाद्यांचा हात चेंडू वेंचण्यापलीकडे नसावा. तेव्हां हा अभिमान किती ताणावा याचा विचार करावा. खरा अभिमान धरावयाचा तो डेक्कन जिमखान्याचा. १९०६ मध्यें तो निघाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. १९१९ च्या सामन्यांत त्यांनीं खेड्यापाड्यांतून आलेले अनवाणी धांवपटू पाहिले, त्यांच्या वेळांची नोंद पाहिली, आणि हीं माणसें ऑलिंपिकांत कां जाऊं नयेत असा विचार त्यांच्या मनांत आला. १९२० मध्यें अँटवर्पला चार धांवपटू व दोन मल्ल गेले. त्यांपैकीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्यें एकोणिसावे आले. बक्षीस कोणालाच मिळालें नाहीं. तथापि पुण्याच्या मैदानावरून निघालेली वाट थेट जगाच्या मैदानापर्यंत गेली. हें सामने भरविणारांनीं 'पुण्यास या' अशी जाहिरात केली नव्हती. त्यांनीं फक्त, पळतो कोण तें पाहूं या, म्हणून मैदान आंखलें होतें.

गणेशोत्सवाबद्दल १८९३ पासून इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालण्याची आम्हांस इच्छा नाहीं. आम्हीं पाहिलेला उत्सव मात्र सांगूं. आमचें लहानपण सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत गेलें. साल १९८० च्या आसपासचें. वाड्यांत नऊ बिऱ्हाडें, आणि गणपतीच्या शेवटच्या तीन दिवसांत माणसें साठांच्या वर. दादरहून आमचे आण्णा, म्हणजे आईच्या मावशीचे चिरंजीव, दरवर्षीं सहकुटुंब येत; सातारकर काकूंकडे त्यांच्या तीन नणंदा येत; माडीवर सतरंज्यांची रांग लागे, आणि कोणाचें मूल कोणत्या पांघरुणाखालीं निजलें आहे हें सकाळीं चहाच्या वेळीं कळे. पाण्याचे हंडे आदल्या रात्रींच भरून ठेवावे लागत. तक्रारी होत नसत असें नव्हे. आण्णांना चहा तीनदां लागे आणि आईची चरफड आम्हीं ऐकलेली आहे. पण मिरवणूक पाहण्यास निघतांना वाड्याचें दार कोणी लावीत नसे, कारण कोणी ना कोणी घरांत असेच.

तीच गोष्ट सवाई गंधर्व महोत्सवाची. तो पावसाळ्यांतला नव्हे, डिसेंबरांतला; पण आमच्या विद्यार्थ्यानें हंगामाची मर्यादा ताणून त्याला पुस्तिकेंत बसविलें आहे. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्यें पुण्यांत वारले आणि पुढच्याच वर्षीं भीमसेन जोशी यांनीं गुरूच्या नांवानें हा उत्सव मांडला. आम्ही कॉलेजांत असतांना तो रमणबागेंत रात्रभर चाले. थंडी कडाक्याची, अंगावर वडिलांची शाल, पायाशीं चहाचा थर्मास, आणि शेजारीं धारवाडहून आलेले एखादे वृद्ध गृहस्थ, जे आपल्या डब्यांतला लाडू न विचारतां आमच्या हातावर ठेवीत. शेवटीं भीमसेनजी गात आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लागे. मंडप उठतां उठतां ती ऐकण्यासाठीं माणसें जागच्या जागीं उभीं राहत. त्या धारवाडच्या गृहस्थांना जर कोणी 'पर्यटक' म्हटलें असतें, तर आपल्याला कोणी कांहीं तरी अपशब्द वापरला असें त्यांस वाटलें असतें.

याच्या उलट टोकाला विकत आणलेला हंगाम. बालेवाडीचें क्रीडानगर १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठीं उभारलें गेलें. २००८ मध्यें तेथें राष्ट्रकुल युवक क्रीडास्पर्धा झाल्या. पुढें २०१८ मध्यें टेनिसची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चेन्नईहून उचलून तेथें आणण्यांत आली. वीस वर्षांहून अधिक काळ ती चेन्नईची शान होती. एका वर्षीं आम्हीहि हौसेनें गेलों. खेळ उत्तम होता, दिव्यांचा लखलखाट होता, आणि आमच्या शेजारीं चेन्नईचे एक गृहस्थ बसले होते. मध्यंतरांत बोलणें निघालें तेव्हां ते हलक्या आवाजांत इंग्रजींत म्हणाले, "ही आमची होती." २०२३ नंतर ती स्पर्धा पुण्यांतूनहि गेली. ती गेल्याबद्दल आमच्या आळींत हळहळ तर सोडाच, चौकशीहि झाली नाहीं. चेन्नईच्या त्या गृहस्थांसारखा आवाज काढण्याची पाळी पुण्याच्या कोणावर आली नाहीं, कारण ती आपली आहे असें पुण्यास वाटण्याइतका वेळच मिळाला नव्हता.

एवढें लिहून आम्हीं पाहुण्यांविरुद्ध निकाल दिला, असा समज कोणी करून घेऊं नये. पुण्यांत असा एक वर्ग आहे, आणि तो आमच्याच वयाचा, आमच्याच शिक्षणाचा आहे, कीं ज्याला 'बाहेरचे लोक' हा शब्द उच्चारतांना ऊर भरून येतो. या मंडळींपैकीं किती जणांचे आजोबा मूळचे पुण्याचे? आमचे स्वतःचे आजोबा कोंकणांतून आले, वार लावून जेवले आणि परक्यांच्या ओसरीवर अभ्यास करून मोठे झाले. रमण्यापासून वसतिगृहांपर्यंत हें शहर बाहेरच्यांवरच पोसलेलें आहे. ज्यानें दुसऱ्याच्या घरीं वार लावून अन्न खाल्लें त्याच्या नातवानें दुपारची पाटी लावावी, हा आमच्या मतें कृतघ्नपणा आहे.

तेव्हां पाहुणा यावा कीं न यावा हा प्रश्नच नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे, आणि तो आमच्या शेजाऱ्यांनीं आम्हांस घालून दिला. ते अठ्याहत्तर वर्षांचे आहेत. जन्म पेठेंतला, तरुणपणीं मंडळाचे कार्यकर्ते, ढोलताशाचे शौकीन. गेलीं पांच-सहा वर्षें ते अनंतचतुर्दशीच्या दोन दिवस आधीं घराला कुलूप लावतात आणि लेकीकडे नाशिकला जातात. एक दिवस न् एक रात्र ओलांडून चालणारी मिरवणूक, ध्वनिक्षेपकांच्या भिंती, खिडक्यांचीं तावदानें थरथरतात, आणि त्यांच्या छातींत यंत्र बसविलेलें आहे. त्यांच्यासारखीं कुलपें आमच्याच रस्त्यावर आम्हीं गेल्या खेपेस मोजलीं, अकरा भरलीं. त्याच दिवशीं आमच्या विद्यार्थ्याच्या हॉटेलांत एक खोली रिकामी नव्हती. पाहुणा दारांत उभा आणि यजमान परगांवीं, असा हा सोहळा आहे.

आम्हीं हें त्याला बोलून दाखविलें. त्यानें नीट ऐकून घेतलें. मुलगा गुणी आहे. मग म्हणाला, "सर, तुमचे शेजारी नाशिकला जातात हें वाईटच. पण माझ्याकडे चाळीस माणसें कामाला आहेत. निम्मीं वेल्ह्या-मुळशीकडचीं. त्यांच्या जमिनी कुठें गेल्या तुम्हांला ठाऊक आहे. ह्या चार महिन्यांत खोल्या भरल्या नाहींत तर मी दिवाळीला त्यांच्या हातावर काय ठेवूं?" त्या जमिनींपैकीं पुष्कळ धरणांच्या पाण्याखालीं आहेत आणि तेंच पाणी आम्ही पितों. या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें व अजूनहि नाहीं. १९८९ पासून गणपतीच्याच दिवसांत पाहुण्यांसाठीं नृत्यगायनाचा स्वतंत्र उत्सव येथें होतो, त्यालाहि आम्हीं एके काळीं नाकें मुरडलीं होतीं. पण त्यावर किती चुली पेटतात याचा हिशेब नाक मुरडणारांनीं कधीं मांडला नाहीं.

अखेर आम्हीं पुस्तिका लिहिली. शर्यती ठेवल्या, सिंहगड ठेवला. १९६३ पासून दर पावसाळ्यांत भरत नाट्य मंदिरांत रंगणारा पुरुषोत्तम करंडक आमच्या आग्रहानें घातला. कॉलेजांतलीं पोरें एकांकिकांसाठीं जीव पाखडतात आणि प्रेक्षागृहांतल्या आरोळ्यांनीं छप्पर उडतें कीं काय असें वाटतें, असली मौज परक्या माणसानें एकदां तरी पाहावी. रानड्यांनीं १८७५ मध्यें सुरू केलेली वसंत व्याख्यानमालाहि घालावयाची होती, पण मे महिन्याच्या उकाड्यांत व्याख्यानें ऐकण्यास मुंबईहून कोण येणार, या त्याच्या प्रश्नापुढें आमचें चाललें नाहीं. माफक पावसाबद्दल लिहिलेल्या परिच्छेदाला मात्र आम्हीं एक वाक्य जोडलें: १९६१ च्या जुलैच्या १२ तारखेस पानशेतचें धरण फुटून याच शहरांत पाणी शिरलें होतें, आणि २०२४ च्या जुलैंतहि सिंहगड रस्त्याकडच्या वस्त्यांनीं तोच अनुभव घेतला, म्हणून पावसाळ्यांत नदीकांठीं उतरूं नये. "अशुभ वाटेल, सर," असें म्हणून त्यानें साल व धरण काढलें आणि नदीकांठीं उतरूं नये एवढें ठेवलें. बरें झालें, निदान तेवढें राहिलें.

त्याच्या यादींत नसलेली आणि आम्हींहि लिहून न दिलेली एक गोष्ट आहे. पुण्याचा पावसाळी हंगाम खरा सुरू होतो तो ज्येष्ठाच्या अखेरीस, पालख्या येतात त्या संध्याकाळीं. आळंदीहून माउली आणि देहूहून तुकोबा. एकीचा मुक्काम पालखी विठोबाच्या देवळांत, दुसरीचा निवडुंग्या विठोबाच्या. मुक्कामहि बहुधा दोनच रात्रींचा. लाखोंनीं माणसें येतात. शाळांचे वर्ग उघडतात, मंडया-गोदामें उघडतात, न्हावी रस्त्यावर बसून फुकट हजामती करतात, चांभार वहाणा शिवून देतात, डॉक्टर पायांच्या फोडांना मलम लावतात. दुपारची पाटी त्या दोन दिवसांत आमच्या आळींत कोणी पाळीत नाहीं. नाशिकला जाणारे आमचे शेजारी त्या वेळीं मात्र कोठें जात नाहींत; त्यांच्या ओसरीवर जुन्नरकडची एक दिंडी वीस वर्षें उतरते, आणि विणेकरीबुवा आले कीं ते स्वतः त्यांच्या पायांवर ऊन पाणी घालतात. तिसऱ्या दिवशीं पहांटे दोन्ही पालख्या उठतात. हडपसरच्या पुढें वाटा फुटतात. माउली दिवेघाट चढून सासवडला, तुकोबा लोणी काळभोरकडे. शेजारी गाडीतळापर्यंत पोंचवावयास जातात आणि नऊच्या सुमारास परत येतात. तोंवर महापालिकेचे झाडूवाले रस्त्यावर आलेले असतात, आणि आळींतल्या बायका, नळाचें पाणी जाण्याआधीं, मोठीं पातेलीं घासावयास घेतात.